समुद्रापासून दूरचे छात्रसैनिक

‘सर, आपल्याकडं कुठं आलाय समुद्र?’ मुलामुलींना आठवीत एनसीसीत घाला आणि जमलं तर पुढे कॉलेजात नेव्हल विंगचाही विचार करा, असं मी म्हटलं की पालकांचा हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न रास्त आहे. आपलं छत्रपती संभाजीनगर पठारावर वसलेलं. मुंबईचा किनारा इथून सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. ज्या गावात कित्येक दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं, तिथल्या पोरांनी नावा वल्हवायच्या कुठे आणि कशासाठी?

मी याच शहरात शाळेत भूगोल शिकवला. त्याआधी नागपुरात कॉलेजला असताना नेव्हल विंगचा छात्रसैनिक होतो. नागपूर तर देशाच्या मध्यावर. तरीही तिथे एनसीसीचं नौदल युनिट आहे आणि वल्हं हातात कसं धरायचं हे मी अंबाझरी तलावावर शिकलो. पुण्यातही असं युनिट आहे. नौदलाचे पहिले धडे गिरवायला समुद्र लागत नाही. पोहता येईल इतकं पाणी, एक नाव, तिच्यात बसणारी पोरं आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा जाणता माणूस एवढ्यावर भागतं.

एनसीसीची थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी, कारण पुष्कळांना ती फक्त प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापुरती ठाऊक असते. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून १९४८ साली कायदा झाला आणि त्याच वर्षी १५ जुलैला राष्ट्रीय छात्रसेना म्हणजे एनसीसी सुरू झाली. मुलींचा विभाग १९४९ साली आला, हवाई शाखा १९५० साली, नौदल शाखा १९५२ साली. एनसीसीच्या ध्वजावरचे लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन पट्टे म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल.

१९५२ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. नौदल शाखा सुरू झाली त्याच वर्षी, पंतप्रधान नेहरूंच्या आग्रहावरून, एनसीसीच्या अभ्यासक्रमात समाजसेवेचाही समावेश झाला. म्हणजे नावेचं शिक्षण आणि लोकांसाठी राबण्याचं शिक्षण या देशातल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला एकाच वर्षी आलं. दोन्हींत खूप नातं आहे असं माझं मत आहे. नावेत बसलेल्याला ते आपोआप उमगतं.

नावेचंच बघा. व्हेलर नावाची २७ फुटी नाव असते. तिला वल्ही पाच. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. पहिल्या दिवशी सगळी मुलं हेच विचारतात की नाव गोल फिरत कशी नाही. फिरतेच, जोर मोजून मारला नाही तर. दोघांच्या बाजूने जास्त ओढायचं आणि तिघांच्या बाजूने हात राखायचा, हे कुणी न सांगता जुळावं लागतं. शिवाय वल्हवणाऱ्या पाचही जणांची पाठ पुढे, म्हणजे नाव जाते त्या दिशेला असते. कुठे चाललोय हे त्यांना दिसतच नाही. ते दिसतं फक्त मागच्या टोकाला सुकाणू धरून बसलेल्या कॉक्सनला. त्याच्या समोर बसतो त्याला स्ट्रोक म्हणतात. स्ट्रोकची लय बाकी चौघांनी पकडायची. ‘गिव्ह वे टुगेदर’ असा हुकूम झाला की पाचही वल्ही एकदम पाण्यात पडली पाहिजेत. एकाचं मागे राहिलं तर पुढच्याच्या पाठीत बसतं.

वर्गात पहिला येणारा, धावण्यात पहिला येणारा, अंगाने दांडगा असे सगळे या नावेत आले की थोडे गोंधळतात. इथे एकट्याने पहिलं यायला जागाच नसते. आमच्यातला सगळ्यात ताकदवान मुलगा सुरुवातीला सगळ्यात त्रासदायक ठरला होता, कारण तो जोरात ओढायचा आणि नाव किनाऱ्याकडे वळायची. महिनाभराने तोच आमचा स्ट्रोक झाला. स्वतःच्या ताकदीला आवर घालून चौघांना झेपेल अशी लय धरायला तो शिकला होता. शाळेतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हे दुसऱ्या कुठल्याही विषयाच्या तासाला इतक्या लवकर घडताना पाहिलं नाही.

नेव्हल विंगमध्ये याखेरीज बरंच काही असतं. शिडाची नाव चालवणं, दोन झेंडे हातात धरून सेमाफोरने निरोप पाठवणं, होकायंत्र वाचणं, जहाजाच्या भागांची नावं, जहाजांच्या प्रतिकृती तयार करणं, नेमबाजी, पोहणं. निवड झालेल्या छात्रांना नौदलाच्या जहाजांवर काही दिवस राहण्याची संधी मिळते. दरवर्षी देशभरातल्या नौदल छात्रांचा अखिल भारतीय नौसैनिक कॅम्प होतो, त्यात वल्हवण्याच्या आणि जहाजांच्या प्रतिकृतींच्या स्पर्धा असतात. दर्जेही नौदलाच्या धर्तीवरचे. लीडिंग कॅडेट, पेटी ऑफिसर कॅडेट, कॅडेट कॅप्टन असे.

या सगळ्यात मला सर्वांत प्रिय त्या दोरीच्या गाठी. आमच्या शाळेत एनसीसी बघणारे शिक्षक, ज्यांना मुलं ‘एएनओ सर’ म्हणायची, ते गाठींच्या तासाला मला हाक मारत. शाळेत नौदलाची शाखा नव्हती, पण गाठ तीच. बोलाइन म्हणजे न सरकणारा फास. माणसाच्या काखेखालून बांधला तरी ओढताना आवळत नाही, म्हणून बुडणाऱ्याला वर काढायला तोच वापरतात. रीफ नॉट सपाट बसते, म्हणून शिडाला चालते आणि प्रथमोपचारात त्रिकोणी पट्टी बांधायलाही तीच. माझ्या वर्गातली हर्सूलची एक मुलगी, वडील रिक्षा चालवणारे, आठवीत एनसीसीत आली तेव्हा हजेरीला तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. सुट्टीत ती फुलंब्रीकडे मामाच्या शेतावर गेली असताना शेळी विहिरीत पडली. मामा खाली उतरले, हिने वरून दोर सोडला आणि शेळीला फास कसा घालायचा ते वरून ओरडून सांगितलं. शेळी धडधाकट वर आली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला शाळेच्या परेडची कमांड तिच्याकडे होती आणि तिचा ‘सावधान’ मैदानापलीकडच्या रस्त्यावर ऐकू गेला.

पाण्याशी ओळख नसणं हा आपल्या पठारी मुलांचा मोठा धोका आहे. दर उन्हाळ्यात तलावात, खदानीत, शेततळ्यात बुडालेल्या मुलांच्या बातम्या येतात. पोहता येत नाही, आणि येत असेल तर खोलीचा अंदाज नाही. नावेच्या शिक्षणात पहिल्याच दिवशी लाइफ जॅकेट चढवायला शिकवतात आणि ते नीट बांधल्याशिवाय धक्क्यावरून पाय पुढे टाकू देत नाहीत. पाण्याची भीड चेपायची आणि पाण्याचा मान राखायचा, या दोन्ही गोष्टी एकदम शिकवणारी जागा आपल्याकडे दुसरी नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून विसर्ग वाढला आणि पैठणमध्ये पाणी शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना मराठवाडा म्हणजे फक्त दुष्काळ असं वाटत नाही. केंद्र सरकारच्या युवा आपदा मित्र योजनेत एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस), स्काऊट-गाईड अशा संघटनांमधले सुमारे २ लाख ३७ हजार तरुण स्वयंसेवक आपत्तीच्या कामासाठी तयार करायचे ठरले आहे. आपल्या भागातल्या मुलांनी त्यात मागे राहू नये.

आता समाजसेवेकडे येतो. १ डिसेंबर २०२१ रोजी एनसीसीने ‘पुनीत सागर’ अभियान सुरू केलं. आधी ते समुद्रकिनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलण्यापुरतं होतं. पुढे नद्या आणि तलावही त्यात आले, आणि तेच योग्य झालं, कारण किनाऱ्यावरचा पुष्कळसा कचरा नद्यांनीच वाहून नेलेला असतो. भूगोलाच्या तासाला मी नकाशावर बोट ठेवून मुलांना खाम दाखवत असे. जटवाड्याच्या डोंगराकडून ती येते, हिमायतबाग, पाणचक्की, छावणी करत शहराबाहेर पडते आणि शेवटी गोदावरीला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या नाथसागरात मिळते. त्याच नाथसागरातून पंपाने उपसून आपण प्यायला पाणी आणतो. उरलेलं पाणी गोदावरीने पूर्वेला बंगालच्या उपसागरात जातं. पाणचक्कीच्या पुलावरून टाकलेली पिशवी आधी आपल्याच धरणाच्या वाटेला लागते, हे कळल्यावर मुलं गप्प होत.

गेल्या काही वर्षांत महापालिका, स्वयंसेवी संस्था, उद्योग आणि नागरिक यांनी मिळून खामचं पुनरुज्जीवन हाती घेतलं. शहरांसाठीच्या एका जागतिक पारितोषिकाच्या अंतिम फेरीपर्यंत हे काम पोचलं. या कामाचं कौतुक मला वेगळ्या कारणासाठी आहे. ते चिकाटीने, पुन्हा पुन्हा त्याच काठावर जाऊन केलं गेलं. याउलट एका संस्थेत मी पाहिलं, की छात्रांना गणवेशात उभं केलं, हातात नवे झाडू दिले, फोटो काढला आणि गाडी निघून गेली. मुलांनी गोळा केलेली पोती तिथेच राहिली. त्या दिवशी ती मुलं जे शिकली ते फार वाईट होतं. समाजसेवेच्या नावाखाली असं काही होत असेल तर पालकांनी आणि शिक्षकांनी उभं राहून बोलावं.

खरं काम कसं असतं? विसर्जनानंतर तलावाच्या काठी जाऊन निर्माल्य वेगळं, थर्माकोल वेगळं, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे वेगळे, गुटख्याच्या पुड्या वेगळ्या करायच्या. हातमोजे घालून, वास सहन करत. कोणत्या वस्तू सर्वांत जास्त निघाल्या त्याची वहीत नोंद करायची. पुढच्या महिन्यात परत जाऊन पुन्हा नोंद करायची. मग त्या वहीच्या आधारे गल्लीतल्या दुकानदाराशी बोलायचं. हर्सूल तलाव आहे, सलीम अली सरोवर आहे, खाम आहे. काम शोधायला लांब जावं लागत नाही. रक्तदान शिबिरात रांगा लावणं, यात्रेच्या गर्दीत वाट दाखवणं, लसीकरणाच्या दिवशी म्हाताऱ्यांना हात देणं ही कामंही छात्र करतात. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या काळात ‘एक्सरसाइज एनसीसी योगदान’ या नावाने वरिष्ठ छात्रांना मदतीला उतरवलं होतं. बाजारात अंतर राखून रांगा लावण्यापासून धान्यवाटपापर्यंत कामं त्यांनी केली.

आपल्या मातीचा समुद्राशी काही संबंध नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे. इथला माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, आणि सातवाहनांची राजधानी होती आपलं पैठण. त्याहून नवलाची गोष्ट अलीकडची. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्या चित्रावरून भारतीय नौदल, सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातली एक जहाजबांधणी कंपनी यांनी मिळून खरंखुरं जहाज बांधलं. खिळे नाहीत. केरळच्या पारंपरिक कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या नावाने ते २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून ओमानच्या मस्कतकडे निघालं. ज्या चित्रावरून हे जहाज उभं राहिलं ते आपल्या जिल्ह्यातल्या लेण्यात आहे. शाळेची सहल अजिंठ्याला जाते तेव्हा मुलांना हे चित्र आवर्जून दाखवावं, अशी माझी सगळ्या शिक्षकांना विनंती आहे.

प्रवेशाचं गणित सोपं आहे. शाळेतला ज्युनिअर विभाग १३ ते साडेअठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी, दोन वर्षांचा, साधारणपणे आठवी-नववीत. शेवटी परीक्षा देऊन ‘ए’ सर्टिफिकेट मिळतं. कॉलेजातला सिनिअर विभाग तीन वर्षांचा, त्यात ‘बी’ आणि मग ‘सी’. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते आणि कॅम्प केलेला असावा लागतो. शाळा उघडली की जून-जुलैत नावं घेतात. थोडं धावायला लावतात, तब्येत बघतात, दोन प्रश्न विचारतात. पालकांची संमती लागते, विद्यार्थ्याचं बँक खातं लागतं. जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे उशीर केला तर वर्ष जातं. परेडच्या दिवशी मुलांना नाश्ता मिळतो. लहान गोष्ट वाटेल, पण सकाळी उपाशी येणारी मुलं मी पाहिली आहेत.

कोणती शाखा मिळेल, हे शाळेला कोणत्या युनिटची मान्यता आहे त्यावर अवलंबून. मराठवाड्यातल्या शाळांत प्रामुख्याने भूदलाची शाखा दिसते. त्याने काही अडत नाही. ड्रिल, नकाशावाचन, प्रथमोपचार, समाजसेवा हे सगळ्या शाखांत सारखंच आहे, आणि नौदलाची ओढ असलेल्या मुलाला पुढे नागपूर, पुणे, मुंबईच्या कॉलेजात नेव्हल विंग गाठता येते. मुंबईत कुलाब्याला सी कॅडेट कोअर नावाची एक स्वयंसेवी संघटनाही आहे. १९३८ साली कराचीत सुरू झालेली ही संघटना एनसीसीपेक्षा वेगळी असून मुलांना नौकानयनाचं शिक्षण देते. मुंबईत नातेवाईक असलेल्यांनी तिचीही चौकशी करावी.

‘याने नोकरी लागते का?’ हा पालकांचा दुसरा प्रश्न. उत्तर सरळ देतो. ‘ए’ सर्टिफिकेटने नोकरी लागत नाही. ‘सी’ सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत असेल आणि पदवीला पुरेसे गुण असतील, तर सैन्याच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) मुलाखतीपर्यंत जाता येतं. ज्यांना बारावीनंतर लगेच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) जायचं आहे त्यांच्यासाठी आपल्याच शहरात, सिडको भागात, राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट (एसपीआय) १९७७ पासून उभी आहे. दहावीनंतर निवड होऊन राज्यभरातली मुलं तिथे राहून तयारी करतात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, १७ जणी होत्या. तरीही नोकरीच्या आशेने मुलाला एनसीसीत ढकलू नका. ज्याला पहाटे उठून बूट चमकवण्यात आनंद वाटत नाही, त्याला दोन वर्षं शिक्षा वाटतील.

आणि ज्यांना गणवेश, परेड यांची आवड नाही, त्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. कॉलेजात एनएसएस आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असा तिचा साचा आहे. एखादं खेडं दत्तक घेऊन तिथे राहणाऱ्या त्या मुलांनी मराठवाड्यात शोषखड्डे खणले, बांध घातले, झाडं लावली. शाळेत स्काऊट-गाईड आहे, रस्ता सुरक्षेचं आरएसपी आहे. गट कुठलाही निवडा, पण जिथे काम खरोखर होतं असा निवडा.

माझं मागणं मुख्याध्यापकांकडे आहे. शहरात एनसीसीचं ग्रुप मुख्यालय आहे. ज्या शाळेत एनसीसी नाही तिने तिथे अर्ज करावा, आणि मान्यता मिळेपर्यंत थांबू नये. गाठी शिकवायला सुती दोर पुरतो, प्रथमोपचाराला त्रिकोणी फडकं, खामच्या काठी जायला रविवारची सकाळ. शहरात नौदलातून आणि सैन्यातून निवृत्त झालेली पुष्कळ माणसं राहतात, त्यांना बोलावलं तर ती आनंदाने येतील. मला बोलावलंत तर दोर घेऊन मीही येईन. आणि आठवीच्या पालकांनो, नावनोंदणी जून-जुलैत असते. शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात एएनओ सरांना किंवा मॅडमना भेटा, आणि घरात मुलगी असेल तर तिचं नाव आधी द्या.